अंगाची घडण आणि अंगवळणी पडणे



कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाने प्राण्यांच्या शरीररचनेवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण बहुतेक सारे वाचनालयातले. तरी हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. ‘परिस्थितीशी जुळवून घेणे’ हे शब्द आमच्या कामात वारंवार कानांवर पडतात, आणि बहुधा चुकीच्या अर्थाने पडतात. त्यांचा खरा अर्थ समजून घ्यायचा, तर आपल्या डोळखांबच्या आसपासच्या ओहोळांइतकी चांगली शाळा दुसरी नाही.

आजोबाच्या डोंगराचा माथा सुमारे ४,५०० फूट उंच. तेथून सुटलेले पाणी थोड्याच मैलांत भातखाचरांपर्यंत उतरते. पाऊस वर्षाकाठी १०० इंचांच्या घरात, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे ज्या ओहोळात आषाढात धोंडे गडगडतात, त्यातच फाल्गुनात केवळ डबकी उरतात. म्हणून येथल्या जिवापुढे दोन परीक्षा असतात. पावसाळ्यात वाहून जायचे नाही आणि उन्हाळ्यात सुकून मरायचे नाही.

मळ्या नावाचा लहानसा मासा घ्या. कोणी त्याला मल्या म्हणतात, कोणी मुल्या. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा ‘मुल्या’ हा येथल्या बोलीतला शब्दच त्याने शास्त्रीय नावात घातला. या माशाचे पोट सपाट असते आणि तोंड खालच्या बाजूला. खालच्या ओठामागे मांसल चकती असते. ती दगडाला दाबून तो चिकटून राहतो. वाहत्या पाण्याचा जो पातळ थर दगडाला अगदी लागून असतो, तो घर्षणामुळे संथ असतो. सपाट अंगाचा मासा त्या संथ थराच्या जवळ राहतो, म्हणून वरून लोंढा जात असताना तो खाली दगडावरचे शेवाळ खरवडून पोट भरू शकतो.

आता खेकडा पाहा. समुद्रातल्या खेकड्याची पिल्ले सुरुवातीला आईबापांसारखी मुळीच दिसत नाहीत. ती पाण्यावर तरंगत वाढतात. ओहोळात असे तरंगणारे पिल्लू पहिल्याच पुरात खाडीला लागेल. म्हणून गोड्या पाण्यातली खेकडीण अंडी थोडी पण मोठी घालते आणि ती पोटाखालच्या घडीत सांभाळते. त्यांतून थेट पूर्ण आकाराची, इवलीशी खेकडीच बाहेर पडतात, आणि काही काळ तीही आईच्या पोटाशी राहतात. उन्हाळ्यात हाच खेकडा ओलाव्यापर्यंत बीळ खोल नेतो आणि कल्ले ओले राखून जगतो.

डबक्यातल्या मरळीची युक्ती आणखी निराळी. तापलेल्या, गढूळ पाण्यात प्राणवायू फार थोडा उरतो. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेसाठी पोकळी असते. ती पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते. तिला वर येऊ दिले नाही, तर मासा असूनही ती पाण्यात गुदमरून मरते.

ही सारी घडण झाली कशी? मळ्याने मनात आणले आणि पोट सपाट केले, असे नव्हे. १८५९ साली डार्विनने याचा उलगडा पुस्तकरूपाने जगापुढे मांडला. एकाच विणीची पिल्ले तंतोतंत सारखी नसतात. ज्याचे पोट किंचित सपाट, ते पुरात टिकले आणि त्याची वीण पुढे चालली. बाकीची वाहून गेली. हजारो पिढ्या हेच घडत राहिले, तेव्हा आजचा मळ्या दिसू लागला. ही घडण फुकट झालेली नाही. तिच्यापायी किती पिल्ले वाहून गेली, याची गणती नाही.

अंगवळणी पडणे ही याहून वेगळी गोष्ट आहे. ती एकाच जिवाच्या आयुष्यात घडते. कुदळ धरून हाताला घट्टे पडतात, पण घट्टे घेऊन मूल जन्माला येत नाही. उन्हाचेही तसेच. उन्हात कामाला लागल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत माणसाला घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, आणि घामातून मीठ कमी जाते. काम सुटले की काही आठवड्यांत ही सवयही जाते.

हा भेद ध्यानात ठेवला नाही, तर काय होते ते पाहा. पहिल्या मोठ्या पावसात मासे अंडी घालायला ओहोळांतून वर चढतात. यालाच आपण वलगण म्हणतो. खडकातून चढायला लागणारा शेपटीचा जोर त्यांच्या अंगी आहे. खडकाला उतार असतो, भेगा असतात, उडी घ्यायला खाली डोह असतो. पण आपण एका उन्हाळ्यात ओहोळावर सिमेंटची उभी भिंत घालतो. तिच्यासाठी माशाचे शरीर घडलेले नाही, आणि एका पावसाळ्यात ते घडणारही नाही. अंड्यांनी भरलेल्या माद्या भिंतीखाली गोळा होतात आणि टोपलीत जातात. पाणी अडवू नये, असे आमचे म्हणणे नाही. बंधाऱ्याच्या एका अंगाला दगडांचा पायऱ्यापायऱ्यांचा उतार ठेवावा, म्हणजे पाणीही राहील आणि मासाही चढेल.

माणसाच्या बाबतीत हीच चूक अधिक क्रूर होते. दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडमधली कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. “या लोकांच्या अंगाला ऊन लागत नाही, ते तसेच घडलेले असतात,” असे मुकादमांच्या तोंडून आम्ही किती वेळा ऐकले आहे! हे शास्त्र नव्हे. कातकरी असो वा भट्टीचा मालक असो, आतले अंग ३७ अंशांच्या आसपासच राहावे लागते. ते ४० अंशांपलीकडे गेले, की उष्माघाताने कोणाचाही जीव धोक्यात येतो. खडीच्या धुळीला फुप्फुस सरावत नाही. त्यात व्रण पडत जातात, आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. वीटभट्टीला साजेसा माणूस निसर्गाने घडवावा म्हणून वाट पाहायची, तर मळ्याच्या पिल्लांचा हिशोब माणसांच्या मुलांना लावावा लागेल.

म्हणून आम्ही मागतो ते असे: नव्या मजुराला पहिला आठवडा हलके काम, दुपारी विसावा, डोक्यावर सावली, हाताशी पिण्याचे पाणी, आणि खडीवर पाणी मारून धूळ बसवणे. मळ्याला ओहोळ बदलता येत नव्हता. भट्टी आणि खडीची खाण माणसांनी उभारली आहे, आणि त्या माणसाच्या अंगाला सोसतील अशा करणे माणसांच्याच हातात आहे.