भिंतीवरील बंदूक

ऐतिहासिक लष्करी बंदुकीचे छापील चित्र विकत घेणारा मनुष्य बहुधा नळीची लांबी आणि दस्त्याच्या लाकडाचा झळाळ पाहून मोहित होतो. परंतु चित्राची खरी परीक्षा करावयाची असेल, तर नळी व दस्ता यांच्या सांध्यापाशी असलेल्या घोड्याकडे प्रथम दृष्टी वळवावी, कारण बंदुकीचे वय तेथेच कळते. घोड्यात जळती जामगी अडकविण्याची सोय दिसली तर ती तोड्याची बंदूक. त्याच्या जबड्यात गारगोटी आणि समोर पोलादाचा पत्रा दिसला तर ती चापाची. आणि रंजक ठेवण्याच्या कानाऐवजी तांब्याची इवली टोपी बसविण्याचे बोंड असले, तर ती त्यानंतरची टोपीची.

आम्हा परभणीकरांनी हे भेद परक्या देशाची विद्या म्हणून शिकण्याचे कारण नाही. शेजारच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनानी वेलस्लीच्या पलटणी आणि शिंद्यांचे कवायती कंपू समोरासमोर उभे राहिले, तेव्हा उभय पक्षांच्या पायदळाच्या हाती चापाचीच बंदूक होती. इंग्रजांच्या बंदुकीची नळी ३९ इंच लांब व सुमारे पाऊण इंच व्यासाची असे; ती तोंडाकडून ठासावी लागे, आणि कसलेला शिपाईही मिनिटाला दोन-तीनच बार काढू शके.

पुढे १८५३ साली एन्फील्ड बंदूक आली. हिच्या चित्रात काडतूस काढलेले नसेल, तर ते चित्र मी अपुरे मानतो. कारण दातांनी तोडावयाच्या त्या कागदी काडतुसाला लावलेल्या चरबीच्या वार्तेनेच १८५७ मध्ये पलटणींत असंतोषाचा भडका उडाला, आणि नुसती नळी पाहून हे कोणाच्याही ध्यानात येणार नाही. १९४८ च्या १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत निजामाचे राज्य संपविणाऱ्या भारतीय पायदळाची थ्री-नॉट-थ्री मात्र आमच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतील बंदूक आहे. तिच्या पेटीत दहा काडतुसे मावत.

आता चित्राच्या छपाईविषयी. कागद जाड व चकाकी नसलेला घ्यावा, म्हणजे दिव्याची तिरीप डोळ्यांवर येत नाही. ए-थ्री आकाराच्या, म्हणजे २९.७ गुणिले ४२ सेंटिमीटरच्या, स्वच्छ छपाईसाठी मूळ प्रतिमा सुमारे ३५०० गुणिले ४९६० बिंदूंची असावी. याहून लहान प्रतिमा ताणून छापली की घोड्याजवळील कोरीव अक्षरे प्रथम पुसट होतात.

परंतु सर्वांत मोठा दोष निराळाच आहे, आणि तो मला स्वतःच्या खरेदीने शिकविला. मी आणलेल्या चित्रात चापाच्या बंदुकीचा घोडा डाव्या अंगाला होता. लष्करी बंदुकांत तो उजवीकडे असतो, अर्थात मांडणीच्या सोयीसाठी कोणीतरी प्रतिमा आरशातल्यासारखी उलटविली होती. शिळाछापाच्या काळात दगडावर चित्र मुद्दाम उलटे काढीत, की कागदावर ते सुलटे उमटावे. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने १८७८ पासून घरोघर पोचविलेल्या चित्रांमागे ही दक्षता होती, आणि आज एका कळीच्या स्पर्शाने ती मोडावी याचे मला मनस्वी दुःख होते.

ते उलटे चित्र मी टाकून दिलेले नाही. सुलट्या चित्राशेजारी ते टांगले आहे, आणि घरी येणाऱ्या मुलांना दोहोंतील भेद शोधावयास मी आवर्जून सांगतो.