दहा वर्षांची गॅरंटी, सहावा पावसाळा

मे महिना उतरणीला लागला, की आपल्याकडच्या इमारतींच्या गच्च्यांवर एकच लगबग सुरू होते. कुठे निळं प्लास्टिक ताणलं जातं, कुठे डांबराचे डबे वर चढतात, कुठे पत्र्याच्या शेडचे खांब उभे राहतात. याच सुमारास सोसायटीच्या ऑफिसात फाइल बगलेत मारून एक गृहस्थ येतात, अर्धा कप चहा घेतात आणि ठरलेलं वाक्य उच्चारतात, ‘साहेब, दहा वर्षं वर बघायला नको. लेखी गॅरंटी देतो!’

या ‘लेखी’ शब्दात मोठी जादू आहे. कमिटी निश्चिंत होते, सभासद पैसे भरतात, स्टॅम्प पेपरवरचा तो कागद फाइलला लागतो. पुढे एखाद्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावर पहिला थेंब पडतो आणि तेव्हा कुठे तो कागद नीट वाचला जातो. आमच्या इमारतीवर ही वेळ २०२१च्या जुलैत आली. सेक्रेटरीपद नुकतंच माझ्या गळ्यात पडलं होतं आणि त्याबरोबर २०१६ सालची ती फाइलही.

आमची सोसायटी डोंबिवलीतली. चार मजले, अठ्ठावीस बिऱ्हाडं, चार हजार चौरस फुटांची गच्ची. या मुंबई-ठाणे पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबानं आमच्या गच्चीवर एका मोसमात सात लाख लिटरांहून जास्त पाणी कोसळतं. ते सगळं दोन पाइपांच्या तोंडातून खाली गेलं पाहिजे. त्यातलं बादलीभर जरी वाट चुकलं, तरी कुणाच्या तरी घरात उतरणार.

आमच्याकडे ते उतरलं चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या घरात. काकू निवृत्त शिक्षिका, काका अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. त्यांची कॉट खिडकीजवळ, कारण दिवसभरात बाहेरचं तेवढंच दिसायचं. नेमकं तिथंच छत ओलं झालं. आधी पिवळट डाग, मग गिलाव्याचे पोपडे, मग टपटप. पंधरा दिवसांत कॉट तीनदा हलली आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन थांबली. काकू तक्रार करायला आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, ‘सतरा हजार आम्हीही भरले होते हो!’

प्रत्येकी सतरा हजार, म्हणजे एकूण चार लाख शहात्तर हजार रुपये. हे पैसे पुन्हा मागायचे म्हटल्यावर सभेत काय होतं, हे सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. तळमजल्यावरचे म्हणाले, ‘आमच्या घरात कुठे गळतंय?’ दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, ‘गॅरंटी आहे ना? मग बोलवा त्याला.’ गॅरंटीचा कागद खोटा ठरला असता, तर नुसतं छत गळत राहिलं नसतं. वरचे आणि खालचे अशी इमारतीची उभी फाळणी झाली असती.

म्हणून आम्ही त्याला बोलावलं.

ठेकेदार नावाचा माणूस ‘नाही’ असं कधीच म्हणत नाही, हे इथं नमूद केलं पाहिजे. जुलैत तो म्हणाला, ‘पाऊस थांबू द्या. ओल्यावर काम धरत नाही.’ हे खरंच होतं. ऑक्टोबरात म्हणाला, ‘माणसं गावाला गेलीत, दिवाळीनंतर बघू.’ हेही पटण्यासारखं होतं. डिसेंबरात म्हणाला, ‘आता कुठे गळतंय? गळताना दाखवा, लगेच करून देतो!’ म्हणजे गळतं तेव्हा दुरुस्ती होत नाही आणि दुरुस्ती होऊ शकते तेव्हा गळत नाही. या चक्रातून वर्ष कसं निघून जातं, हे छत गळणारी माणसंच जाणतात.

बरं, कागदात काय लिहिलं होतं? ‘दहा वर्षं गळती होणार नाही,’ ही एक ओळ. तिच्याखाली बारीक अक्षरांत सहा अटी. फक्त काम केलेल्या भागातून गळती झाली तरच जबाबदारी. कठड्याच्या भिंती आणि पाण्याची टाकी त्यात नाही. इमारतीला तडे गेल्यास जबाबदारी नाही. गच्चीवर कुणी खोदकाम केल्यास, खिळे-बोल्ट ठोकल्यास गॅरंटी रद्द. पाइपांची तोंडं वेळोवेळी साफ न केल्यास गॅरंटी रद्द. तक्रार लेखी हवी. आणि शेवटची अट, जबाबदारी फक्त गच्चीच्या दुरुस्तीपुरती. घराच्या आतल्या नुकसानीची नाही.

या अटींतूनच ठेकेदारानं एकेक बाण काढला. पहिला, ‘पाणी कठड्याच्या भिंतीतून येतंय.’ दुसरा, ‘तुम्ही डिश अँटेना बसवलेत, त्यांच्या बोल्टांनी कोबा फोडलाय.’ तिसरा, ‘पाइप तुंबून पाणी साचलं असणार.’ आणि भात्यातला शेवटचा, ‘ती फर्म मी २०१८ सालीच बंद केली. आता मुलाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. तिच्यावर जुनी गॅरंटी कशी चढणार?’

इथं जरा कोब्याविषयी सांगायला हवं. स्लॅबवर सिमेंटचं पातळ पाणी ओतायचं, त्यावर विटांचे तुकडे सिमेंट-वाळूच्या मालात बसवायचे, पाइपाकडे उतार काढायचा, कठड्यालगत गोलाकार वाटा घ्यायचा, वरून सिमेंटचा गुळगुळीत थर द्यायचा आणि पाणी साठवून तो मुरवायचा. झाला विटांचा कोबा. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही पद्धत वाईट नाही. उन्हापासून स्लॅबचं रक्षणही करते. पण तिची एक खोड आहे. वरच्या थरातून पाणी एकदा आत शिरलं, की ते विटांच्या फटींतून आडवं पसरत जातं आणि स्लॅबमध्ये जिथं कमजोर जागा सापडेल तिथं खाली उतरतं. त्यामुळे डाग जिथं दिसतो, त्याच्या बरोबर वरच चूक असेल असं नाही. ठेकेदाराला हे ठाऊक असतं. ‘नक्की कुठून, ते सांगता येत नाही,’ या त्याच्या वाक्याचा आधारच तो असतो.

‘जुन्यावरच नवा कोबा मारून टाका,’ अशीही एक सूचना सभेत आली. चार इंच जाडीच्या कोब्याचं वजन चौरस फुटाला अठरा-वीस किलोच्या घरात जातं. म्हणजे चार हजार फुटांवर सत्तर टनांहून जास्त नवा बोजा! त्या जुन्या इमारतीच्या खांबांना तो पेलेल की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय अशा फंदात पडू नये. ती सूचना तिथंच मिटली.

मार्ग दाखवला तो आमच्याच इमारतीतल्या, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओव्हरसीअरांनी. ते म्हणाले, ‘वाद कशाला घालता? पाण्यालाच विचारा.’ डिसेंबरच्या कोरड्या हवेत आम्ही गच्चीवर विटा आणि चिकणमातीचे बांध घालून चार कप्पे केले. पाइपांची तोंडं बंद केली आणि एका वेळी एकच कप्पा भरायचा असं ठरवलं. हजार चौरस फुटांत तीन इंच पाणी म्हणजे सात हजार लिटर. प्रत्येक कप्प्यात तीन दिवस पाणी, मग दोन दिवस विश्रांती. पाण्याची पातळी वाट्याच्या खालीच ठेवली, म्हणजे कठड्याची भिंत कोरडीच राहील. काकूंनी रोज सकाळ-संध्याकाळ छत पाहून वहीत नोंद करायची. शिक्षिकेचीच ती वही; तारीख, वेळ, ‘कोरडे’.

पहिला कप्पा कोरडा. डिश अँटेना होत्या तो दुसरा कप्पाही कोरडा. तिसऱ्यात पूर्वेकडच्या पाइपाचं तोंड होतं. दुसऱ्या रात्री साडेनऊला काकूंच्या वहीत लिहिलं गेलं, ‘ओल दिसू लागली.’ चौथा कप्पा पुन्हा कोरडा. कठड्याचा बाण गेला, अँटेनाचाही गेला.

तिसरा बाण मोडला तो आमच्या जुन्या खजिनदारांमुळे. हे गृहस्थ दर मे महिन्यात गच्चीतला गाळ काढून घेत आणि तीनशे-चारशे रुपयांचं व्हाउचर सफाई कामगाराच्या सहीनं फाइलला लावत. सभासद त्यांच्या या काटेकोरपणाची थट्टा करत. पण २०१७पासूनची ती पाच व्हाउचरं ओळीनं मांडली, तेव्हा पाइप साफ ठेवला नाही असं म्हणायला जागाच उरली नाही.

राहिला फर्मचा प्रश्न. कागदावर सही होती, ती ‘प्रोप्रायटर’ म्हणून. एकट्याच्या मालकीच्या अशा धंद्याला कायद्यात मालकाहून वेगळं अस्तित्व नसतं. पाटी उतरली, लेटरहेड बदललं, तरी सही करणारा माणूस जबाबदारीतून सुटत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं तसं नसतं. ती कायद्यानं स्वतंत्र व्यक्ती असते, तिचं देणं सहसा मालकाच्या अंगाला लागत नाही. म्हणून गॅरंटीवर कोण, कुठल्या नात्यानं सही करतंय, हे अटींइतकंच महत्त्वाचं.

जानेवारी २०२२मध्ये आम्ही पत्र लिहिलं, ते फर्मला नव्हे, त्या माणसाच्या नावानं, त्याच्या घरच्या पत्त्यावर, रजिस्टर ए.डी.नं. त्यात राग नव्हता, धमकी नव्हती. कप्प्यांचा नकाशा, वहीतल्या नोंदी, फोटो, व्हाउचरांच्या प्रती आणि एक तारीख दिली होती. त्या दिवशी तिसरा कप्पा पुन्हा भरणार आहोत, समक्ष यावं. शेवटी एकच वाक्य. पंधरा दिवसांत काम सुरू न झाल्यास ग्राहक आयोगाकडे जाऊ.

हे वाक्य पोकळ नव्हतं. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०पासून लागू आहे. त्याच्या व्याख्येत सहकारी संस्थाही येते. तक्रारदार जिथं राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ही दोन वर्षं ठेकेदाराच्या गोड बोलण्यात संपू शकतात, म्हणूनच फोनवर विसंबू नये. आता रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५पासून स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, पण पोचपावतीचं महत्त्व तेच आहे. इमारत नवी असेल तर वाट आणखी सरळ आहे. २०१६च्या ‘रेरा’ कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरनं तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.

ठेकेदार आला. आपल्या डोळ्यांनी ओल पाहिली. मग त्यानंच पाइपाभोवतीचा दोन फूट कोबा फोडायला सांगितला. २०१६ साली त्याच्याच माणसांनी बिडाचा जुना पाइप काढून प्लास्टिकचा घातला होता. त्या वेळच्या बिलात तशी नोंदही होती. नव्या पाइपाभोवती स्लॅबला राहिलेली फट साध्या सिमेंट-वाळूनं बुजवली होती. तो माल आकसून पाइपापासून सुटला होता. करंगळी जाईल एवढी फट! चार लाख शहात्तर हजारांचं काम आणि एका आजारी माणसाची खिडकी, दोन्ही त्या फटीतून गेली होती.

फेब्रुवारीत काम झालं, पुन्हा तीन दिवस पाणी भरून पाहिलं, मगच बांध फोडले. त्या वर्षीचा पावसाळा काकूंच्या घरात कोरडा गेला.

आतल्या गिलाव्याचे आणि रंगाचे पैसे मात्र ठेकेदारानं दिले नाहीत. कागदात तशी अट होती. ते सोसायटीनं दिले. गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्यानं शेवटच्या मजल्याचं छत खराब झालं, तर दुरुस्ती संस्थेच्या खर्चानं करायची, असं आदर्श उपविधींतच आहे. सभेत तळमजल्यावरूनही विरोध झाला नाही. सगळे एकदा तरी वर जाऊन तो तिसरा कप्पा पाहून आले होते, हे त्याचं कारण असावं.

यंदा तुमच्या सोसायटीत कुणी दहा वर्षांचा कागद पुढे केला, तर वर्षं मोजण्याआधी चार गोष्टी विचारा. गॅरंटी मालाची की कामाची? रसायनाच्या डब्यावरची हमी फक्त डब्यातल्या मालाची असते, तो फासणाऱ्या हाताची नसते. सही कोणाची? शेवटचं बिल देण्याआधी पाणी साठवून दाखवणार का? आणि रकमेचा काही भाग निदान तीन पावसाळे आमच्याकडे राहू देणार का? आमच्या करारात पाच टक्के, म्हणजे तेवीस हजार आठशे रुपये, पहिल्या पावसाळ्यापुरतेच राखलेले होते. पहिला पाऊस बहुतेक गच्च्या काढतात. कस लागतो तो तिसऱ्या-चौथ्याला. शेवटच्या प्रश्नावर जो चहा टाकून उठेल, त्याला उठू द्यावं. जो थांबेल, त्याच्याशी दराचं बोलावं.

बाकी, वर्षातून एकदा गाळ काढणं आणि त्याचं व्हाउचर जपून ठेवणं, हे आपल्याच हातात असतं. त्याला ठेकेदाराची सही लागत नाही.