हरवलेल्या पत्त्यांचा शोध

कोणतीही संघटना म्हणजे प्रथम माणसांची यादी. पूर्वी ती वहीत असे. आता ती संगणकात असते. पण पुष्कळदा आपण समजतो तेथे ती नसतेच.

‘आउटलुक’मध्ये पत्त्याच्या चौकटीत दोन अक्षरे लिहिताच पूर्ण नाव खाली उमटते, आणि चिटणीस निर्धास्त होतो. परंतु ही पत्त्यांची वही नव्हे. आपण ज्यांना पत्रे धाडली, त्यांची ती केवळ आठवण होय. आणि तीही सुमारे हजार नावांपुरती. संगणक बिघडला वा खाते नव्याने बसविले, तर ती एकाएकी नाहीशी होऊ शकते. मग सभेची नोटीस धाडावी कोणाला?

सुदैवाने ही आठवण एका फाइलीत लिहिलेली असते. आउटलुक २००३ व २००७ मध्ये ती ‘एनके२’ प्रकारची फाइल असे. २०१० च्या आवृत्तीपासून जुन्या घडणीच्या आउटलुकने ती ‘रोमकॅश’ या फोल्डरात, ‘स्ट्रीम ऑटोकम्प्लीट’ने आरंभ होणाऱ्या ‘डॅट’ फाइलीत ठेवली. हे फोल्डर सहसा लपलेले असते. म्हणून ते शोधावे लागते.

आउटलुक बंद करून जुन्या संगणकावरील अशा फाइलींपैकी सर्वांत मोठीची नक्कल घ्यावी. नव्या संगणकावर एखादे पत्र पाठवून आउटलुक बंद करावे. म्हणजे तेथे ताजी फाइल तयार होते. तिचे नाव टिपून ती बाजूला ठेवावी, आणि जुन्या नकलेला तेच नाव देऊन तिच्या जागी बसवावी. एवढ्याने न भागल्यास ‘नीरसॉफ्ट’चे ‘एनके२एडिट’ हे साधन दोन्ही प्रकारच्या फाइली वाचून पत्ते दाखविते. फाइलच उरली नसेल, तर पाठविलेल्या पत्रांचा कप्पा चाळावा. प्रत्येक पत्रावर पत्ता असतोच.

मात्र ही आठवण चुकीचे लिहिलेले पत्तेही जपते, म्हणून प्रत्येक पत्ता पडताळून घ्यावा. शिवाय कामगारांच्या संघटनेत सभासदाचे नाव भलत्या हाती पडले, तर त्याच्या नोकरीवर गदा येऊ शकते. तेव्हा दुरुस्तीसाठी यंत्र कोणाकडे देतो, याचाही विचार हवा. पत्ते परत मिळाले, की त्याच दिवशी ते खऱ्या पत्त्यांच्या वहीत उतरवावेत, आणि एक छापील प्रत कुलपात ठेवून तिची किल्ली दोघांजवळ द्यावी.