मोठी डिस्क मंद का पडते?

2000 साल संपत आलं होतं त्या सुमारास ग्रिगोरी ऑर्लोव्ह या ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणाऱ्या प्रोग्रामरला एक गोष्ट खटकली. फाइली तयार करणं, उघडणं, पुसणं ही तीच कामं लहान फाइल सिस्टिमवर चटकन होत आणि मोठीवर रेंगाळत. मोठ्या डिस्का बहुधा नव्या असत, वेगानंही सरस असत. नुसती जागा जास्त आहे म्हणून काम मंदावावं, हे हिशेबात बसत नव्हतं. त्यानं कर्नलमधलं फाइल सिस्टिमचं कोड वाचायला घेतलं आणि तो 1980 च्या दशकापासून चालत आलेल्या एका नियमापाशी येऊन पोचला. नवी डिरेक्टरी तयार झाली की तिचा आयनोड डिस्कवर कुठे ठेवायचा, एवढंच तो नियम सांगत होता.

आयनोड म्हणजे फाइलची नोंद. फाइल कुणाची, केवढी, कधी बदलली आणि तिचा मजकूर डिस्कच्या कोणत्या ब्लॉकांत आहे, हे सगळं त्यात असतं. नाव मात्र नसतं. नाव डिरेक्टरीत असतं, आणि डिरेक्टरी हीही एक फाइलच, तिलाही स्वतःचा आयनोड. म्हणजे एखादी फाइल वाचायची तर आधी डिरेक्टरीचा आयनोड, मग तिच्यातली नावं, मग फाइलचा आयनोड, मग मजकूर. फिरत्या डिस्कवर या चार गोष्टी चार टोकांना असतील तर मजकूर वाचणाऱ्या हेडला चार फेऱ्या पडतात, आणि एकेका फेरीला काही मिलिसेकंद जातात. प्रोसेसरच्या हिशेबात तेवढा वेळ म्हणजे युग.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये नेमकं हेच घडत होतं. बेल लॅब्जच्या त्या फाइल सिस्टिमनं सगळे आयनोड डिस्कच्या सुरुवातीला एकत्र ठेवले होते आणि मजकूर त्यांच्यापुढे. 150 मेगाबाइटची डिस्क असेल तर पहिले 4 मेगाबाइट आयनोडांचे, उरलेले 146 मजकुराचे. फाइल कोणतीही उघडा, हेड आधी सुरुवातीला जाणार आणि मग लांब कुठेतरी. त्यात रिकाम्या ब्लॉकांची यादी वापरता वापरता विस्कटत जाई. नव्या फाइल सिस्टिमवर सेकंदाला 175 किलोबाइट वाचता येत. काही आठवड्यांच्या बेताच्या वापरानंतर तोच वेग 30 किलोबाइटवर येई. डिस्कच्या खऱ्या क्षमतेपैकी दोन-चार टक्केच हाती लागत होते.

यावर उपाय निघाला बर्कलीच्या विद्यापीठात. मार्शल कर्क मॅकुझिक, बिल जॉय, सॅम्युएल लेफ्लर आणि रॉबर्ट फॅब्री यांनी लिहिलेली फास्ट फाइल सिस्टिम 1983 च्या 4.2 बीएसडीबरोबर बाहेर पडली. तिच्यावरचा निबंध 1984 मध्ये छापून आला. त्यांनी डिस्कचे सलग सिलिंडरांचे गट पाडले. प्रत्येक गटात थोडे आयनोड, त्यांची नोंदवही आणि मजकुराची जागा. फाइलचा आयनोड शक्यतो तिच्या डिरेक्टरीच्याच गटात आणि मजकूरही तिथेच. ब्लॉक मोठे केले, 10 टक्के जागा मुद्दाम मोकळी ठेवायला लावली. डिस्कच्या वेगाची 47 टक्क्यांपर्यंत क्षमता वापरात आली.

डिरेक्टरीचं काय करायचं, हा प्रश्न मात्र वेगळा होता. डिरेक्टरी तयार होते तेव्हा ती रिकामी असते. तिच्यात पुढे किती फाइली येतील हे कुणालाच ठाऊक नसतं. एकाच गटात बऱ्याच डिरेक्टऱ्या घातल्या आणि सगळ्या फुगल्या तर गटातले आयनोड संपणार, मजकुराची जागा संपणार आणि फाइली शेजारच्या गटांत सांडणार. मग सगळी आखणीच मोडली. म्हणून बर्कलीकरांनी सावध नियम केला: ज्या गटांत सरासरीपेक्षा जास्त आयनोड मोकळे आहेत त्यांतला सगळ्यात कमी डिरेक्टऱ्या असलेला गट निवडायचा. व्यवहारात याचा अर्थ, लेकीला आईपासून लांब बसवायचं. प्रत्येक मुलाला वेगळ्या गावी जमीन घेऊन दिली की वाटणीची भांडणं टळतात, पण दिवाळीला सगळ्यांना भेटायचं तर एसटीनं चार दिवस हिंडावं लागतं, तसला हा प्रकार.

तेव्हा गावंच कमी होती. त्या काळच्या डिस्कवर गट मोजके असत आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं अंतरही आवाक्यातलं. नियम चुकीचा होता असं मला वाटत नाही. त्या आकाराला तो बरोबरच होता. नंतर डिस्का शेकडो पटींनी वाढल्या आणि गटाचा आकार त्या मानानं तसाच राहिला, त्यामुळे गटांची संख्या भरमसाट झाली. नियमाला हे कळायचा मार्ग नव्हता. तो अजूनही इमानेइतबारे प्रत्येक डिरेक्टरी सगळ्यात मोकळ्या गटात पाठवत होता.

ऑर्लोव्हनं जो प्रयोग केला त्याचे आकडे आजही पाहण्यासारखे आहेत. चाचणीसाठी त्यानं ओपनबीएसडी 2.8 चा पोर्ट्स संग्रह घेतला. त्यात 6596 डिरेक्टऱ्या आणि 13868 फाइली. एका मशीनवर 8 जीबीची फाइल सिस्टिम, तिच्यात 991 गट. दुसऱ्यावर 40 जीबीची, तिच्यात 5324 गट. प्रत्येक गट जेमतेम 8 एमबीचा. आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा: साडेसहा हजार डिरेक्टऱ्या आणि सव्वापाच हजार गट. जुन्या नियमानं जवळजवळ प्रत्येक डिरेक्टरीला स्वतंत्र गट मिळत होता! डिरेक्टरीमागे सरासरी दोनच फाइली असलेलं हे झाड पूर्ण 40 जीबीवर पसरत होतं.

हेडची धावपळ हा त्रासाचा एक भाग झाला, आणि माझ्या मते तोही लहान भाग. प्रत्येक गटाची एक नोंदवही असते, त्या मांडणीत 2 किलोबाइटची. आयनोड वाचायचे तर 8 किलोबाइटचा ब्लॉक उचलावा लागतो. पाच हजारांवर गटांना हात लावायचा म्हणजे नोंदवह्यांचे 10 एमबी आणि आयनोडांचे 40 एमबी मेमरीत घोळवायचे. मशीनमध्ये सगळी मिळून मेमरी होती 128 एमबी. एक गट आणावा, त्यातलं एक अक्षर बदलावं आणि दुसऱ्यासाठी जागा करायला तो परत डिस्कवर लिहावा, असं चक्र सुरू होतं. लहान फाइल सिस्टिमवर हे सगळं मेमरीत मावत असे, म्हणून ती वेगवान वाटे. ऑर्लोव्हला दिसलेली विसंगती इथे उलगडते.

त्याचा उपाय त्याच्याच मते अगदी साधा होता: बऱ्याच डिरेक्टऱ्या एकाच गटात ठेवायच्या. नवी डिरेक्टरी आधी आईच्या गटात बसते का पाहायचं. फक्त मुळाशी असलेल्या पहिल्या पातळीच्या डिरेक्टऱ्या मात्र लांब लांब टाकायच्या, कारण त्यांचा एकमेकींशी सहसा संबंध नसतो. मोठ्या मशीनवर सॉफ्ट अपडेट्स चालू असताना संग्रह उलगडायला 341 सेकंद लागत होते, ते 40.6 वर आले. तो पुसायला 284 लागत, तिथे 4.76. साठपट! सॉफ्ट अपडेट्समध्ये लिहायचे बदल मेमरीत थोडा वेळ थोपवून धरले जातात. शंभर बदल एकाच ब्लॉकात असतील तर डिस्कवर एकदाच लिहावं लागतं. डिरेक्टऱ्या जवळ आल्या आणि या सोयीला पहिल्यांदाच खरा वाव मिळाला. साध्या पद्धतीत लहान मशीनवर फायदा दीडपटीच्याही आत होता, 667 सेकंदांचे 472.

2001 च्या एप्रिलमध्ये हा बदल ओपनबीएसडीच्या भावंडात, फ्रीबीएसडीत, आणला तो स्वतः मॅकुझिकनं. ज्याचा नियम मोडीत निघत होता त्यानंच नवा नियम हातानं आत घेतला, आणि वर लिहिलं की आपल्या चाचण्यांत नेहमीच्या कामांना 5 ते 12 टक्के वेग मिळाला, आणि एवढ्याशा कोडच्या मानानं हे फार आहे. साठपट आणि 12 टक्के, दोन्ही खरे आहेत. नुकतंच उलगडलेलं झाड लगेच पुसून टाकणं हा या नियमाला सगळ्यात धार्जिणा प्रयोग. रोजच्या मशीनवर फाइली जुन्या होतात, सरमिसळ होते आणि नफा पातळ होत जातो. कुणी मला विचारलं तर मी 12 टक्क्यांवर जास्त भरवसा ठेवीन.

साधा म्हटला तरी उपायात एक चलाखी होतीच. एका गटात लागोपाठ किती डिरेक्टऱ्या बसू द्यायच्या? यासाठी ऑर्लोव्हनं भविष्याचा अंदाज आकड्यांत मांडला: सरासरी फाइल 16 किलोबाइटची, एका डिरेक्टरीत सरासरी 64 फाइली. म्हणजे डिरेक्टरी मोठी झाल्यावर सुमारे 1 एमबी खाणार. 8 एमबीच्या रिकाम्या गटात सातआठ जणी सुखानं राहतील. डिस्कवर आधीपासून असलेल्या डिरेक्टऱ्या याहून मोठ्या निघाल्या तर अंदाज सोडून प्रत्यक्षातला आकडा घ्यायचा. शिवाय प्रत्येक गटाला एक मोजणी: डिरेक्टरी आली की आकडा एकनं वाढवायचा, फाइल आली की एकनं कमी करायचा. लागोपाठ डिरेक्टऱ्याच येत राहिल्या आणि त्यांच्या फाइली आल्याच नाहीत, तर पुढचीला दुसरीकडे पाठवायचं.

लिनक्सवाल्यांनी हीच मोजणी उचलली आणि तिला कोडमध्ये सरळ ‘कर्ज’ म्हटलं. 2002 च्या अखेरीस कर्नलच्या 2.5 या विकासमालिकेत ऑर्लोव्हच्या नावानं हा नियम एक्स्ट2 आणि एक्स्ट3 या लिनक्सच्या फाइल सिस्टिमांत आला. त्याआधी वर्षभर वाद चालू होता. अँड्र्यू मॉर्टननं 2001 मध्येच डिरेक्टरी आईच्या गटात ठेवायचा प्रयोग करून वेग दाखवला होता. अल व्हिरोसारख्यांची धास्ती अशी की आज वेग मिळेल, पण वर्षभरानं गट भरून फाइली विखुरल्या तर काय? ही धास्ती खोटी नव्हती, बर्कलीचा मूळ नियम तिच्यातूनच जन्मला होता. ऑर्लोव्हची पद्धत दोघांच्या मधली निघाली, म्हणून पटली.

एक अडचण उरलीच. पहिल्या पातळीच्या डिरेक्टऱ्या लांब टाकायच्या, हे ठीक. पण ‘होम’ ही एक डिरेक्टरी आणि तिच्या पोटात शंभर जणांची शंभर घरं. त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो, तरी नियमाच्या डोळ्यांना ती एका आईची मुलं. मग चॅटर या आज्ञेला ‘टी’ ही खूण जोडावी लागली. ती लावली की त्या डिरेक्टरीच्या पोटातल्या डिरेक्टऱ्यांना पहिल्या पातळीचा मान मिळतो. ही खूण लावणारे सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर मी फारसे पाहिलेले नाहीत.

एका हातानं जे कमावलं ते दुसऱ्या हातानं घालवायचा प्रकारही याच काळात झाला. डॅनियल फिलिप्सनं एक्स्ट2 साठी आखलेली एचट्री ही डिरेक्टरीची अनुक्रमणिका एक्स्ट3 मध्ये आली. तिच्यामुळे हजारो फाइली असलेल्या डिरेक्टरीत नाव शोधणं फार जलद झालं, कारण नावं हॅशच्या क्रमानं लावली जातात. पण मग डिरेक्टरीची यादी मागितली की नावंही हॅशच्याच क्रमानं येतात, आणि त्या क्रमाचा आयनोडांच्या क्रमाशी काडीचा संबंध नसतो. इतक्या कष्टानं शेजारी बसवलेले आयनोड आता उड्या मारत वाचले जाऊ लागले. हजारो टपाल-फाइली एका डिरेक्टरीत ठेवणाऱ्यांना त्याचा चांगलाच चटका बसला. तोडगा वरच्या मजल्यावर निघाला: आधी सगळी नावं घ्यायची, आयनोड क्रमांकानं लावायची, मग फाइली उघडायच्या. मोठ्या डिरेक्टरीसाठी आरएम आणि डीयू ही कामं आज अशीच करतात.

मुळात आयनोड वेगळा ठेवायचाच कशाला, असंही कुणी विचारलं होतं. ग्रेगरी गँगर आणि फ्रान्स काशूक यांनी 1997 मध्ये आयनोड थेट डिरेक्टरीत, नावाच्या शेजारी ठेवून दाखवला आणि एकाच डिरेक्टरीतल्या लहान फाइली डिस्कवर एकत्र बांधल्या. लहान फाइलींचा वेग पाच ते सात पट झाला. मला ही कल्पना आजही सगळ्यात देखणी वाटते. पण युनिक्समध्ये एका फाइलला दोन डिरेक्टऱ्यांत दोन नावं असू शकतात. मग आयनोडानं नांदायचं कुठल्या घरी? त्यांनी तोडगा दिला होता, पण रोजच्या वापरातल्या मोठ्या युनिक्स फाइल सिस्टिमांनी तो रस्ता धरला नाही.

एक्स्ट4 नं 2008 च्या सुमारास 16-16 गट एकत्र बांधून त्यांचे आयनोड एका जागी आणले. 4 केबीच्या ब्लॉकांत एक गट 128 एमबीचा, म्हणजे 2 जीबीच्या पट्ट्याच्या तोंडाशी सगळे आयनोड. बेल लॅब्जच्या जुन्या मांडणीची ही लहानशी आवृत्तीच म्हणायची, फक्त डिस्कभर अनेकदा गिरवलेली. ऑर्लोव्हचा नियम आता गटाऐवजी या पट्ट्यावर चालतो. कर्जाची मोजणी गळून गेली. 2013 मध्ये मॅकुझिकनं विस्कॉन्सिनच्या संशोधकांचा डिस्क-तपासणीवरचा निबंध वाचून फ्रीबीएसडीत प्रत्येक गटात आयनोडांलगत एक पट्टी डिरेक्टऱ्यांच्या मजकुरासाठी आणि पत्त्यांच्या ब्लॉकांसाठी राखून ठेवली. तपासणीचा वेळ कमी झाला, डिरेक्टऱ्यांचं झाड पालथं घालणंही जलद झालं.

एसएसडीत हेडच नाही, त्यामुळे अंतराचा प्रश्न मिटला. मेमरीचा मिटला नाही. एक्स्ट4 चा आयनोड 256 बाइटांचा. 4 केबीच्या एका ब्लॉकात 16 मावतात. भावंडं शेजारी असतील तर एका वाचनात सोळा जणांचा निकाल लागतो, विखुरलेली असतील तर सोळा वाचनं. ऑर्लोव्हच्या अर्ध्या तक्रारीला आजही धार आहे.

त्याचे दोन आकडेही टिकून आहेत. फ्रीबीएसडीत नवी यूएफएस, म्हणजे बर्कलीच्या फाइल सिस्टिमची तिथली आवृत्ती, तयार करताना काही सांगितलं नाही तर सरासरी फाइल 16 किलोबाइटची आणि डिरेक्टरीत 64 फाइली, असंच ती धरून चालते. फोनवरचा एक फोटो त्या अंदाजाच्या दोनशे पट मोठा निघतो. ज्याला बदलायचं असेल त्याला न्यूएफएस आणि ट्यूनएफएस या दोन्ही आज्ञांत सोय आहे.