सिल्विया पिनाल: एक अभिनेत्री, दोन पडदे

सिल्विया पिनाल हे नाव तुम्ही ऐकलं असेल, तर बहुधा फिल्म सोसायटीत. लुइस बुन्युएलच्या ‘विरिदियाना’मधली ती सोनेरी केसांची नायिका. मेक्सिकोत मात्र हेच नाव घेतलं की अनेकांना बुन्युएल आठवत नाही, घरातला टीव्ही आठवतो. माझं संशोधन टीव्हीवरच्या मेलोड्रामाबद्दल आहे, आणि या दोन आठवणींमधलं अंतर हा त्यातला एक कळीचा प्रश्न आहे. म्हणून आज पिनालबाईंबद्दल.

आधी ओळख. जन्म १९३१चा, सोनोरा राज्यातल्या ग्वायमास या बंदराच्या गावी. १९५०च्या दशकात त्या मेक्सिकन सिनेमात स्थिरावल्या. पेद्रो इन्फान्ते हा त्या काळचा तिथला सर्वांत लाडका नायक. त्याच्यासोबतचा त्यांचा ‘एल इनोसेन्ते’ (१९५६) हा विनोदी सिनेमा. त्याच वर्षी चित्रकार दिएगो रिवेराने त्यांचं व्यक्तिचित्र रंगवलं. म्हणजे बुन्युएल भेटायच्या आधीच बाई तारका होत्या, हे लक्षात घ्या.

पुढचा टप्पा मात्र त्यांनी स्वतः आखला. बुन्युएलसोबत काम करायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांचे तेव्हाचे पती गुस्ताव्हो आलात्रिस्ते यांनी पैसा उभा केला आणि ‘विरिदियाना’चं चित्रीकरण स्पेनमध्ये झालं. यात पिनाल आहेत संन्यासिनी होऊ घातलेली एक भाबडी तरुणी. ती भिकाऱ्यांना घरात आसरा देते आणि तिच्या दयेचा चक्काचूर होतो. १९६१मध्ये कान महोत्सवात सिनेमाला पाम दोर मिळाला. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने त्यावर सडकून टीका केली, फ्रँको सरकारने बंदी घातली आणि १९७७पर्यंत स्पेनच्या प्रेक्षकांना तो बघता आला नाही. पाठोपाठ ‘एल आंखेल एक्स्तरमिनादोर’ (१९६२) आला, आणि ‘सिमोन देल देसिएर्तो’ (१९६५), ज्यात बाई चक्क सैतान झाल्या!

सिनेमाच्या इतिहासाची बरीच पुस्तकं इथे येऊन थांबतात. बाईंचं काम मात्र पुढे चाळीसेक वर्षं चालू राहिलं, आणि त्यातलं बरंचसं टीव्हीवर.

इथे ‘टेलेनोव्हेला’ म्हणजे काय ते सांगायला हवं. ही रोज येणारी मालिका असते, पण आपल्याकडच्या काही मालिकांसारखी वर्षानुवर्षं ताणली जात नाही. कथेचा शेवट ठरलेला असतो आणि साधारण काही महिन्यांत ती संपते. अभ्यासक बराच काळ तिच्याकडे नाक मुरडून बघत. रडारड, योगायोग, अति भावना, असं सगळं. पण मेलोड्रामाचं काम समजून घ्या. जे दुःख घरात बोलता येत नाही, ते तो मोठ्याने बोलतो. ‘अति’ वाटणाऱ्या गोष्टी खऱ्या आयुष्यातही घडतातच. पिनाल यांची मुलगी, जिचं नावच विरिदियाना होतं, तीही अभिनेत्री होती. १९८२मध्ये मोटार अपघातात ती गेली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी.

आता मुख्य मुद्दा. १९ सप्टेंबर १९८५ला मेक्सिको सिटीत भयंकर भूकंप झाला. त्यानंतर पिनाल यांचा एक टीव्ही कार्यक्रम सुरू झाला, भूकंपात हरवलेल्यांना आणि बेघर झालेल्यांना मदत व्हावी म्हणून. हळूहळू त्याचं रूप बदललं. बायका आपली हकीकत पत्रातून कळवायच्या, त्यावर नाट्य रचलं जायचं आणि पिनाल ते सादर करायच्या. कार्यक्रमाचं नाव ‘मुखेर, कासोस दे ला विदा रेआल’, म्हणजे ‘स्त्री: खऱ्या आयुष्यातल्या घटना’. तो २००७पर्यंत चालला. नवऱ्याची मारहाण, घरातले लैंगिक अत्याचार, टाकून दिलेल्या बायका, हे विषय त्यात येत राहिले.

यावर टीका करायला जागा आहे, आणि ती करायलाच हवी. दुसऱ्याचं दुःख जाहिरातींच्या मधे बसवलं जात होतं. वाहिनी तेलेव्हिसाची, जिचे मालक स्वतःला सत्ताधारी पीआरआय पक्षाचा शिपाई म्हणवून घेत. पिनाल स्वतःही त्याच पक्षाच्या लोकप्रतिनिधी झाल्या. अशा जागी ‘वाईट नवरा’ दाखवणं सोपं असतं, ‘वाईट व्यवस्था’ दाखवणं अवघड. तरीही ज्या बाईने पत्र लिहिलं, तिच्या दृष्टीने बघा. तिची गोष्ट देशभर ऐकली गेली, आणि सांगणारी व्यक्ती साऱ्या देशाच्या ओळखीची होती.

आपल्याशी याचा काय संबंध? एक धागा थेट आहे. तेव्हाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री, वर्ध्याचे खासदार वसंत साठे १९८२मध्ये मेक्सिकोला गेले होते. समाजोपयोगी टेलेनोव्हेलांचा तिथला प्रयोग त्यांनी पाहिला. मिगेल साबिदो हे त्या प्रयोगाचे जनक. प्रौढ साक्षरतेवरची त्यांची ‘वेन कोनमिगो’ ही मालिका १९७५मध्ये सुरू झाली होती. त्यातूनच १९८४ची दूरदर्शनवरची ‘हम लोग’ आली. भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी बोलायचे, आठवतंय? आणि प्रेक्षकांची पत्रं दूरदर्शनकडे ढिगाने यायची. ‘हम लोग’ पिनाल यांच्या कार्यक्रमाच्या आधीची, तेव्हा हिने तिचं अनुकरण केलं असं नाही. पण ओळखीच्या चेहऱ्याने घरातल्या माणसांशी बोलावं आणि त्यांनी पत्राने उत्तर द्यावं, ही रीत दोन्हीकडे दिसते.

आणखी एक गंमत. २०००च्या सुमारास ‘कारिता दे आंखेल’ या लहान मुलांच्या टेलेनोव्हेलात लिबेर्ताद लामार्के मठाच्या प्रमुख संन्यासिनीची भूमिका करत होत्या. मालिका चालू असतानाच त्या वारल्या, आणि पुढे मठाची प्रमुख म्हणून पिनाल आल्या. ‘विरिदियाना’मध्ये जिचं संन्यासिनी होणं राहून गेलं, ती चाळीस वर्षांनी मुलांच्या मालिकेत मठ सांभाळत होती! फिल्म सोसायटीतला प्रेक्षक पहिलीला ओळखतो, मेक्सिकोतलं तेव्हाचं शाळकरी पोर दुसरीला.

२८ नोव्हेंबर २०२४ला, ९३व्या वर्षी पिनाल गेल्या. पुढच्या वेळी एखाद्या अभिनेत्रीबद्दल ‘नंतर ती टीव्हीकडे वळली’ असं वाक्य वाचलंत, तर थोडं थांबा आणि विचारा: तिथे तिला कोण बघत होतं, आणि त्या बघणाऱ्या बाईला त्यातून काय मिळत होतं? माझा प्रबंध साधारण एवढंच विचारतो.