आरएक्स-७ परत येणार का?

ऑगस्ट २००२मध्ये जपानच्या माझदा कंपनीने आरएक्स-७ या स्पोर्ट्स कारचे उत्पादन थांबवले. १९७८पासून तीन पिढ्यांमध्ये मिळून आठ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्यानंतर ही गाडी बंद झाली. त्याला आता दोन तपे होत आली, तरी ‘ती परत येणार’ ही कुजबुज काही थांबत नाही. टोकियोच्या वाहन प्रदर्शनात माझदाने एखादी लांब नाकाची, बसकी गाडी मांडली की जगभरचे चाहते तिच्या दिव्यांच्या आकारापासून चाकांपर्यंत सगळे निरखून निष्कर्ष काढायला बसतात. यांतल्या अनेकांनी आरएक्स-७ कधी चालवलेली नाही. ‘इनिशियल डी’ या मांगा मालिकेतून, ‘ग्रान टुरिस्मो’सारख्या खेळांतून आणि ‘फास्ट अँड फ्युरियस’ चित्रपटांतून ती त्यांच्यापर्यंत पोहोचली. आपल्याकडे तर माझदाची मोटार विक्रीला आलीच नाही. हे नाव दिसले ते स्वराज माझदाच्या ट्रकवर आणि मिनीबसवर. तरीही इथल्या तरुणांना आरएक्स-७ ओळखू येते, ती याच वाटेने. ही आशा पोकळ नाही, असे माझे मत आहे. मात्र ती आशा ज्या पुराव्यावर उभी केली जाते, तो पुरावा कच्चा आहे; आणि जो पक्का आहे, त्याच्याकडे बहुतेकांचे लक्षच नाही.

हे पटण्यासाठी आधी या गाडीचे इंजिन समजून घ्यायला हवे, कारण आरएक्स-७चे सारे वेगळेपण तिथूनच सुरू होते. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि त्या हालचालीचे क्रँकशाफ्ट फिरण्यात रूपांतर करतो. रोटरी इंजिनात पिस्टनच नाही. मधे थोडी आवळलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारख्या कोठडीत, फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर गरगरत असतो. त्याच्या एका बाजूला पेट्रोल-हवेचे मिश्रण आत येते, त्याच वेळी दुसऱ्या बाजूला ते दाबले जाऊन पेटते आणि तिसऱ्या बाजूने जळालेला वायू बाहेर पडतो. व्हॉल्व्ह नाहीत, उलटसुलट धक्के नाहीत. रोटर एकदा फिरला की शाफ्ट तीनदा फिरतो. आरएक्स-७च्या शेवटच्या पिढीत ६५४ सीसीचे असे दोन रोटर होते, म्हणजे कागदावर जेमतेम १.३ लिटरचे इंजिन. दोन टर्बोंच्या जोडीने त्यातून सुरुवातीला २५५ आणि शेवटी २८० अश्वशक्ती निघत असे. इंजिन इतके आटोपशीर असल्यामुळे ते पुढच्या आसाच्या मागे आणि खाली बसवता आले, वजन पुढे-मागे जवळजवळ समसमान वाटले गेले आणि गाडी साधारण साडेबाराशे ते तेराशे किलोत बसली. वळणावर ती ज्या सहजतेने वळते म्हणून चाहते हरखतात, ती सहजता या मांडणीतून आलेली आहे.

पण हाच आकार या इंजिनाचा शाप आहे. रोटरच्या तिन्ही कोपऱ्यांवर काही मिलिमीटर जाडीची एकेक पट्टी असते, तिला अपेक्स सील म्हणतात. मिनिटाला हजारो फेरे होत असताना या पट्ट्यांनी कोठडीच्या भिंतीला सतत घासून चिकटून राहायचे असते. त्यांना वंगण मिळावे म्हणून थोडे ऑइल मुद्दाम आत सोडावे लागते आणि तेही पेट्रोलबरोबर जळते. शिवाय ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी असल्याने ज्वाला कोपऱ्यांपर्यंत नीट पोहोचत नाही. काही पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जाते. गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही, ऑइल खाते आणि धुराच्या चाचणीत अडखळते, या रोटरीविषयीच्या तिन्ही तक्रारींचे मूळ असे एकाच भूमितीत आहे.

माझदाचा इतिहास म्हणजे या भूमितीशी चाललेली झुंज आहे. फेलिक्स वांकेल आणि जर्मनीची एनएसयू कंपनी यांच्या या शोधाचा परवाना माझदाने, म्हणजे तेव्हाच्या तोयो कोग्योने, १९६१मध्ये घेतला. हिरोशिमात चाचण्या सुरू झाल्या तेव्हा सीलच्या थरथरीने कोठडीची भिंत खरवडून निघायची. अभियंते त्या खुणांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या ४७ जणांच्या तुकडीने कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियम मिसळून सील बनवले आणि १९६७मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आणली. त्याच वर्षी आलेल्या एनएसयूच्या आरओ-८० गाडीची इंजिने मात्र भराभर निकामी झाली, आणि दोनच वर्षांत ती कंपनी फोक्सवॅगनच्या समूहात विलीन झाली. मर्सिडीज आणि जनरल मोटर्स यांनीही रोटरीवर काम करून शेवटी तो नाद सोडला. माझदाने सोडला नाही आणि त्याची किंमत मोजली. १९७३च्या तेलटंचाईत पेट्रोल पिणाऱ्या या गाड्यांची विक्री कोसळली, कंपनी दिवाळखोरीच्या तोंडाशी गेली, सुमितोमो बँकेला हात द्यावा लागला. त्या काळात यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंधनाची बचत चाळीस टक्क्यांनी वाढवण्याचे उद्दिष्ट ठेवून इंजिन पुन्हा हातात घेतले. आरएक्स-७ आली ती त्यानंतर, १९७८मध्ये. हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी अ‍ॅव्हरेजचे रूक्ष काम झाले, मग स्पोर्ट्स कार शक्य झाली.

याची उलट बाजू १९९१मध्ये दिसते. त्या वर्षी चार रोटरच्या ७८७बी गाडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय. रोटरीला यापेक्षा मोठे वैभव मिळणे अवघड. तरी अकरा वर्षांत आरएक्स-७ बंद पडली, कारण विक्री घटली होती आणि धुराचे नियम कडक होत चालले होते. तिच्या जागी आलेली आरएक्स-८ युरोपच्या नियमांमुळे २०१०मध्ये तिथल्या बाजारातून गेली आणि २०१२मध्ये सगळीकडूनच. गौरवाने इंजिन तगले नाही, धुराने ते घालवले. म्हणून प्रदर्शनातल्या देखण्या गाड्यांना मी कमी वजन देतो. २०१५मध्ये माझदाने आरएक्स-व्हिजन मांडली, तेव्हा पुनरागमन पक्के झाले असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात त्यानंतर २०१८च्या सुमारास रोटरीवर काम करणारा अभियंत्यांचा गटच विसर्जित झाला.

पक्का पुरावा आला तो अगदी अनाकर्षक वेषात. २०२३मध्ये एमएक्स-३० या बैठ्या नसलेल्या, कुटुंबासाठीच्या विजेच्या गाडीत माझदाने ८३० सीसीचा एकच रोटर बसवला. तो चाके फिरवत नाही, १७.८ किलोवॅट-तासाची बॅटरी उतरली की जनरेटर म्हणून वीज तयार करतो. चाहत्यांनी नाके मुरडली. पण इंजिनाच्या आत पाहिले तर सारे काम जुन्या दुखण्यांवरच झालेले आहे. आरएक्स-८मध्ये दोन मिलिमीटर असलेली अपेक्स सीलची जाडी अडीच मिलिमीटर झाली, पेट्रोल थेट ज्वलनाच्या जागेत फवारले जाऊ लागले, बाजूच्या भिंती अ‍ॅल्युमिनियमच्या करून पंधरा किलो वजन वाचवले गेले. पुढे फेब्रुवारी २०२४मध्ये ३६ अभियंत्यांचा रोटरी गट पुन्हा उभा राहिला, आणि वेगवेगळ्या बाजारांतल्या उत्सर्जनाच्या नियमांत रोटरी बसवणे हे त्याचे ठरवून दिलेले काम आहे. १९७३ नंतर जे घडले त्याच जातीचे हे काम आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हा गट जमवला गेला तो २०२३च्या आयकॉनिक एसपी या प्रदर्शनातल्या गाडीला मिळालेल्या प्रतिसादामुळे, असे कंपनीचे प्रमुख मासाहिरो मोरो यांनीच सांगितले होते. मग देखाव्याला महत्त्व नाही असे कसे म्हणायचे? महत्त्व आहेच. लोकांच्या उत्साहाने कंपनीच्या आत पैसा आणि माणसे हलतात. पण त्या उत्साहातून शेवटी उभे काय राहिले, तर धुराचा प्रश्न सोडवणारी माणसे; तो सुटला नाही तर उत्साह २०१५सारखाच विरून जाईल.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे. जनरेटर ठरावीक वेगात फिरतो. स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला क्षणात वर-खाली जावे लागते. एकात साधले ते दुसऱ्यात साधेल कशावरून? हे खरे आहे, आणि म्हणूनच उद्याची आरएक्स-७ निव्वळ पेट्रोलवरची असेल असे मला वाटत नाही. रोटरी जिथे सर्वांत कमजोर पडते, म्हणजे कमी वेगातली ओढ आणि सिग्नलवर नुसते घुरघुरणे, तिथे विजेची मोटार भार उचलू शकते आणि इंजिनाला त्याच्या सोयीच्या वेगात ठेवू शकते. हायब्रिड म्हटले की जुन्या चाहत्यांना गाडी बाटल्यासारखी वाटते. त्यांची हळहळ मी समजू शकतो, पण पर्यायांकडेही पाहायला हवे. टोयोटाने २०१९मध्ये सुप्रा परत आणली ती बीएमडब्ल्यूचे इंजिन घेऊन. होंडाची प्रेल्यूड २०२५मध्ये परतली ती हायब्रिड होऊन. सुप्राचे निदान सरळ रांगेतले सहा सिलिंडर टिकले. माझदाने दुसऱ्या कुणाचे इंजिन घेतले तर आरएक्स-७चे नाव उरेल, पण छोट्या इंजिनाभोवती रचलेली हलकी गाडी उरणार नाही.

खर्चाचा मुद्दा मात्र सहज झटकता येत नाही. टोयोटा वर्षाला कोटीच्या घरात गाड्या विकते, माझदा बारा-तेरा लाख. इतक्या लहान कंपनीला केवळ एका स्पोर्ट्स कारसाठी वेगळे इंजिन परवडणार नाही. तेच इंजिन जनरेटर म्हणून इतर गाड्यांतही खपले तरच हिशेब जुळेल. त्यामुळे जनरेटरची कुचेष्टा करणारा चाहता आपल्याच गाडीच्या मुळावर येतो आहे.

आणि मग वजन. आयकॉनिक एसपीसाठी माझदाने ३७० अश्वशक्ती आणि १४५० किलो असे आकडे दिले होते. जुन्या गाडीपेक्षा हे दीडशे-दोनशे किलोंनी जास्त आहे. बॅटरी आणि मोटार सोबत घेऊन एवढ्यातच राहणे हे मोठे काम ठरेल, आणि तसे झाले तर तिला आरएक्स-७ म्हणायला माझी काहीच हरकत नाही. २०२५मध्ये मांडलेली व्हिजन एक्स-कूपे ही पाच मीटरहून लांब, चार दरवाजांची, दोन रोटर, टर्बो आणि हायब्रिड मिळून ५१० अश्वशक्तीची गाडी. तिच्या आकड्यांनी अनेकांचे डोळे दिपले. तिच्यातल्या दोन रोटरच्या इंजिनाने युरोप-अमेरिकेच्या उत्सर्जन चाचण्या पार केल्या तर मलाही आनंदच होईल, पण मी वाट पाहतो आहे ती तेच इंजिन दीड टनाच्या आत बसवलेल्या दोन दरवाजांच्या गाडीची.