बिघडलेल्या अक्षरापाशीं



एका पेशीच्या दोन पेशी होण्यापूर्वीं तिच्यांतील डीएनए नांवाच्या आनुवंशिक लेखाची संपूर्ण प्रत तयार व्हावी लागते. मानवी पेशींत हा लेख सुमारें ६०० कोटी अक्षरांचा आहे. ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन हीं त्याचीं चार अक्षरें. ॲडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन, हा जोडीचा नियम. नक्कल करणाऱ्या प्रथिनांस पॉलिमरेज म्हणतात. त्यांतील मुख्य पॉलिमरेज कचेरींतील जुन्या नक्कलनवीसासारखें काटेकोर असतें. लिहिलेलें अक्षर तपासतें, चुकलें तर खोडतें.

परंतु मूळ लेखच बिघडला असेल तर? उन्हांतील अतिनील किरणांनीं शेजारशेजारचीं दोन थायमिन अक्षरें एकमेकांस चिकटतात. पेशी असे बिघाड दुरुस्त करीत असते. तथापि एखादा बिघाड दुरुस्तीपूर्वींच नकलेच्या वाटेंत येतो. तें जोडअक्षर मुख्य पॉलिमरेजच्या सांच्यांत बसत नाहीं, आणि नक्कल अडते. ती तशीच खोळंबली तर पेशीवर मरणही ओढवेल. अशा वेळीं 'ईटा' नांवाचें दुसरें पॉलिमरेज पुढें येतें. त्याचा सांचा ऐसपैस असल्यानें चिकटलेलीं दोन्ही अक्षरें आंत मावतात. त्यांच्यासमोर तें दोन ॲडेनिन बसवितें आणि लवकरच बाजूस होतें.

आश्चर्य असें कीं, हेंच ईटा निर्दोष लेखाची नक्कल करूं लागलें तर शंभर अक्षरांत दोनतीन चुका करतें, व लिहिलेलें तपासीत नाहीं. म्हणून त्यास अडलेल्या जागेपुरतेंच बोलावणें असतें.

त्याचें मोल कळलें तें एका रोगामुळें. झेरोडर्मा पिगमेंटोझम झालेल्यांस ऊन सोसत नाहीं. त्वचेवर दाट डाग उठतात आणि अकालीं कर्करोग होतो. या रोग्यांच्या पेशींस बिघाड नीट दुरुस्त करतां येत नाहीं, असें १९६८ सालीं अमेरिकेंत जेम्स क्लीव्हर यांनीं दाखविलें. पण सुमारें पांचांतील एका रोग्याची ही दुरुस्ती शाबूत आढळे. मग रोग कां? १९९९ सालीं जपानांत फुमिओ हानाओका यांच्या, आणि अमेरिकेंत लुईझ व सत्य प्रकाश यांच्या प्रयोगशाळांनीं हें कोडें सोडविलें. या रोग्यांत ईटाच निकामी असतें. मग इतर पॉलिमरेज त्याचें काम करूं जातात, भलतींच अक्षरें बसवितात, आणि त्या चुका सांचून कर्करोगास वाट मिळते.

उन्हापासून जपणूक हाच या रोगावर आजही मुख्य उपाय आहे. म्हणून लहान मुलाची त्वचा अल्पशा उन्हानेंही भाजत असेल, किंवा चेहऱ्यावर लहानपणींच दाट ठिपके उठत असतील, तर तो केवळ रंगाचा दोष न समजतां त्यास वेळींच डॉक्टरांस दाखवावें.